आधी कोणाचा, मग कुठे

नारीन गावातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते आणि बुरुलचा नावाची माझी मैत्रीण किरगिझ भाषा. माझ्या वर्गात शांतता, तिच्या वर्गात घोड्यांचा बाजार. आमच्या भाषेत 'माझा', 'तुझा' हे नामाच्या मागे चिकटतात आणि त्यांच्याही मागे विभक्तीचा प्रत्यय. पोरं हटकून उलटं जोडतात. मग बुरुलचा फळ्यावर घोडा काढून ओरडायची, "अरे गाढवांनो, आधी कोणाचा ते सांगा, मग कुठे निघाला ते!"

तिचा नवरा केंजेबाय गेला आणि ते ओरडणं थांबलं. रीतीप्रमाणे ती शोकासाठी उभारलेल्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसली. विधवेनं तिथे शोकगीत गायचं असतं. हिच्या तोंडून चकार शब्द नाही.

"मास्तरीण ना, हिला रडायलाही पुस्तक लागतं," शेजारीण बोललीच. तिची जीभ हासडावीशी वाटली मला.

मग वर्षभर काळा रुमाल. केंजेबायच्या घोड्याची शेपटी छाटलेली, त्याच्यावर कोणी बसायचं नाही, आणि वर्ष भरल्यावरच्या जेवणाला तोच कापायचा, अशी रीत. चारा बुरुलचा घालायची, थंडीत पाण्यावरचा बर्फ तीच फोडायची. फळ्यावर आता घोड्याऐवजी घर आलं होतं.

"काही वाटतच नाही गं," ती म्हणायची. "दात काढताना सुई देतात ना, तसं झालंय. सगळे म्हणतात, त्याचा घोडा. मला कोणी विचारलं?"

"मग देऊ नकोस."

"रीत मोडायची नाहीये मला. पण विचारायला नको?"

जेवणाच्या दिवशी बायका पांढरा रुमाल घेऊन जमल्या, तिचा काळा उतरवायला. धाकटा दीर सेयित अंगणात आला. एके काळी तिच्याच वर्गातला विद्यार्थी.

"वहिनी, दादाचा घोडा कापायला नेतो."

तिनं हातातला घोड्याचा लगाम सोडला नाही. "आधी कोणाचा ते सांग."

सेयितनं मान खाली घातली. मग म्हणाला, "तुमचा, वहिनी."

"मग विचार."

"द्याल का?"

तिनं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि लगाम त्याच्या हातात दिला. "ने."

घोडा फाटकाबाहेर गेला, आणि भर अंगणात, ना भिंत ना तंबू, तिचं शोकगीत फुटलं. माझा घोडा गं, माझा माणूस गं. मीही रडले. बायका पांढरा रुमाल हातात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.