स्कॅन असेल तिथेच!

"आई शेवटची ठणठणीत कधी दिसली?"

पनवेलच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन, म्हणजे मेंदूच्या आतली छायाचित्रं, पाहता पाहता विचारलं.

"सकाळी आठला."

"स्ट्रोक आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झालीय. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तास मिळतात. तुमचे चार होत आलेत."

चार तास! ते कुठे गेले सांगते. उद्या ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते.

माझी आई पोशीरला बालवाडीत गाणी शिकवते. त्या सकाळी डबा भरताना तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला, शब्द फुटेना. मावशी म्हणाली, "पित्त हाय गं, लिंबूपाणी दे." पाणी ओघळून गेलं, आणि त्यात अर्धा तासही. असं काही पाजू नका, आधी १०८ला फोन करा.

मी फोन केल्यावर रुग्णवाहिका झटकन आली. मी ओरडले, "थेट पनवेलला घ्या!"

चालक म्हणाला, "ताई, आदी जवळचं सरकारी. तुमीच मोर्चा काढला व्हता ना?"

आणि गाडीत समोरच आमच्या मोर्चाचं पत्रक चिकटवलेलं: 'पेशंट आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात!!!' वाक्य माझं. पेशंट खासगीत पळवणाऱ्या गाड्यांविरुद्ध लिहिलेलं. आम्ही लढलो होतो, जिंकलो होतो, इथल्या गाड्यांना तसा नियमच झाला होता!

त्या जवळच्या रुग्णालयात स्कॅनचं यंत्रच नव्हतं. डॉक्टरांनी साखर, रक्तदाब पाहिला, पनवेलची चिठ्ठी दिली. आमची गाडी तोवर दुसऱ्या पेशंटकडे गेलेली. दुसरीसाठी दीड तास बाकावर. आई माझ्याकडे बघत ओठ हलवत होती, आवाज नाही. संताप कुणावर काढू? नियम माझाच!

इंजेक्शन वेळेत मिळालं. अगदी थोडक्यात.

तिसऱ्या दिवशी स्पीच थेरपी, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवणं, सुरू झाली. थेरपिस्ट बाईंनी वाचायला काहीतरी मागितलं. माझ्या पिशवीत पत्रकंच. आई अडखळत वाचू लागली, "पेशंट... आदी... जवळच्या..." थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"हे चुकलंय गं."

मी इतक्या जोरात ओरडले की नर्स धावत आली. आई बोलली होती!

त्या डॉक्टरांचे, थेरपिस्ट बाईंचे, त्या चालकाचेही उपकार. आता सरकारकडे आमची मागणी नवी: स्ट्रोकचा पेशंट जवळच्या नव्हे, स्कॅन आणि इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात थेट जावा. गाडीतूनच तिथे फोन जावा. हे मानक राज्यानं लेखी ठरवावं, चालकाच्या मर्जीवर किंवा माझ्यासारखीच्या घोषणेवर सोडू नये.

नवं पत्रक छापण्याआधी आईनं मोठ्यानं वाचलं. मी तीन उद्गारचिन्हं दिली होती. तिनं दोन खोडली.

"एकात भागतंय," म्हणाली. अख्खं वाक्य, न अडखळता.