दहा दाणे, तीस कपटे

माझी मुलगी चौथीत असताना तिच्या छातीत उजव्या बाजूला पू झाला. आधी ताप, मग खोकला, मग एका खासगी दवाखान्यातल्या औषधाच्या तीन बाटल्या, आणि शेवटी गोंदियातल्या एका रुग्णालयाचा बालवॉर्ड. जिल्हा नवा होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. त्या वॉर्डात त्याआधी दोनदा बातमीसाठी गेलो होतो. दोन्ही वेळा दारात उभे राहून खाटा मोजल्या आणि परत आलो. या वेळी सात नंबरच्या खाटेजवळ स्टुलावर दहा दिवस बसलो. बायको कोहमाऱ्याच्या पुढे एका शाळेत शिकवायची. तिची रजा आधीच संपली होती. त्यामुळे रात्री ती आणि दिवसा मी, अशी वाटणी झाली.

डॉक्टरांनी मुलीच्या बरगड्यांमधून एक नळी घातली. नळीचे दुसरे टोक खाटेखालच्या काचेच्या बाटलीत, पाण्याखाली बुडवलेले होते. पहिल्या दिवशी बाटली निम्मी भरली. मग थेंब थेंब येत राहिले. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

"पू निघाला. पण फुप्फुस अजून दबलेलंच आहे. ते आतून फुगलं पाहिजे. हिला फुंकायला लावा, दिवसभर. शनिवारी परत फोटो काढू. उघडलं तर ठीक, नाहीतर नागपूर."

"नागपूरला काय करतील?"

"छाती उघडून फुप्फुसावरची साल काढावी लागते. मोठं ऑपरेशन आहे."

हातात चार दिवस होते. सिस्टरने रबरी हातमोजा फुगवून दाखवला, त्याला पेनाने डोळे काढले आणि मुलीच्या हातात दिला. मुलीने एकदा फुंकले. नळीच्या जागी कळ आली. तिने हातमोजा उशीखाली सारला आणि पुन्हा बाहेर काढला नाही. मी आधी समजावले, मग नव्या सायकलचे कबूल केले, मग आवाज चढवला. ती भिंतीकडे तोंड करून, श्वास चोरून पडून राहिली. सिस्टरने मला नळीतले पाणी बघायला शिकवले. श्वास मोठा असेल तर नळीतले पाणी जास्त वर-खाली होते. त्या दिवशी ते जेमतेम बोटभर हलत होते.

आठ नंबरच्या खाटेवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. गाव चोरखमाऱ्याच्या तलावाजवळचे. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. हाडे दुखायला लागली की तिला इथे आणायचे, सलाईन लावायचे, कधी रक्त चढवायचे. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर तिला ओळखत आणि ती त्यांच्या ड्यूटीचे वार ओळखत असे. तिची आई धानाच्या मळणीवरून थेट आली होती. तिच्या शालीला अजून कोंडा चिकटलेला होता.

बुधवारी सकाळी त्या मुलीने आईच्या शालीवरचा कोंडा चिमटीने वेचून तळहातावर घेतला आणि फुंकर मारून माझ्या मुलीच्या अंगावर उडवला.

"काऊन वो, रडून काऊन राहिली? मी त आठव्यांदा आली हितं. मी रडतो का?"

पुन्हा कोंडा आला. तिसऱ्या वेळी माझ्या मुलीने चादरीवरचा कोंडा गोळा केला आणि परत फुंकला. तो पोचला नाही, दोन खाटांच्या मधेच पडला.

"इतकीच हवा हाये तुह्या पोटात?" पलीकडची हसली. "आमच्या घरची बकरी याच्याहून जोरात शिंकते."

मुलीने पुन्हा फुंकले. कळ आली तसे तिने दात आवळले, पण थांबली नाही. मी खाली वाकून नळी पाहिली. पाणी दोन बोटे वर चढले होते.

एवढ्यात सिस्टर आली आणि दोघींच्या हातातला कोंडा तिने झटकून टाकला. "एकीच्या छातीत नळी, दुसरीला जरा सर्दी झाली तर धाप. आणि तुम्ही इथं धूळ उडवताय? हा कोंडा श्वासात गेला तर जबाबदार कोण, पेपरवाले भाऊ?"

तिचे बरोबर होते. कोंडा झाडून बाहेर टाकला. पण पाणी दोन बोटे चढलेले मी पाहिले होते. ते तिलाही सांगितले. सिस्टरने नळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "फुंकायलाच पाहिजे. पण स्वच्छ काहीतरी घ्या."

माझ्याकडे स्वच्छ म्हणण्यासारखे त्या दिवशीचे वर्तमानपत्र होते आणि लिहायचे पुठ्ठ्याचे पॅड. पेपराचे नखाएवढे कपटे फाडले. आठ नंबरच्या आईने गाठोड्यातून गिरणीचे पांढरे तांदूळ काढले, धुऊन पंख्याखाली वाळवले. आता कपटे हा कोंडा आणि तांदूळ हे धान. नियम त्या बाईनेच घातला, कारण सूप हातात धरून तिचा जन्म गेला होता.

"कोंडा उडाला पायजे आन् दाना जाग्यावर रायला पायजे. दाना सांडला त कामच बिघडलं. आन् एकाच दमात. मधात दम घेतला त बाद."

पॅडवर दहा दाणे, तीस कपटे. उडालेल्या प्रत्येक कपट्याला एक गुण, पडलेल्या प्रत्येक दाण्याला तीन वजा. जोरात फुंकले की तांदूळ घरंगळत खाली. हळू फुंकले की दम अर्ध्यावर संपतो आणि कपटे तसेच. छाती भरून श्वास घ्यायचा आणि ओठ बारीक करून तो लांबवर, सारखा सोडायचा, एवढाच मार्ग होता. दुपारच्या फेरीला डॉक्टर आले. दोन मिनिटे उभे राहून त्यांनी पाहिले आणि आठ नंबरकडे बोट केले. "हिलाही खेळवा. सिकलच्या पेशंटनंही मोठा श्वास घेतलाच पाहिजे." मग त्यांनी स्वतः एकदा फुंकले. सात दाणे पडले.

"दान्याचेच उणे एकवीस," आठ नंबरची म्हणाली. "साहेब, तुम्ही सुईच द्या."

गुरुवारी मी चूक केली. आठ नंबरची इंजेक्शन घेऊन झोपली होती आणि माझी मुलगी जोडीदाराशिवाय बसली होती. मी खेळायला बसलो. तिला सतरा गुण होते. माझी पाळी आली तेव्हा मी मुद्दाम जोरात फुंकर मारली. पाच दाणे जमिनीवर गेले. वर म्हणालो, "अरे! गेले की."

तिने दाण्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. पॅड बाजूला ठेवले आणि चादर डोक्यावरून ओढली. दुपारभर ती ना बोलली ना फुंकली. चार वाजता नळीतले पाणी पुन्हा बोटभरावर आले होते. वॉर्डात मी एकटाच असे करत नव्हतो. तीन नंबरचा बाप लुडोत सोंगटी मागे नेत असे, पाच नंबरची आजी पत्ते उघडे धरून बसत असे. आजारी लेकराला जिंकू द्यायचे, यावर आमच्यात कधी चर्चा झाली नव्हती. सगळ्यांना ते आपोआप माहीत होते.

आठ नंबरची उठली. काय झाले ते तिने चादरीखालच्या आवाजातून ऐकले आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, खोटं कायले खेळता? तिले समजत नाई का?"

"मला वाटलं, तिला बरं वाटेल."

"माहा बापबी असंच करे. माह्याशी पत्ते खेळे आन् सारखा हारे. मले वाटे, हा मले सांगून नाई रायला, पन मी मरून रायली असन." हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितले आणि आईकडे पाणी मागितले. आईने पाणी दिले. मग पदराने पॅड पुसले, दहा दाणे मांडले आणि पॅड माझ्या मांडीवर ठेवले.

"फुका, भाऊ. सुपासारखं फुका."

मी चादरीला सांगितले की आता खरे खेळतो आहे. चादर थोडी खाली आली. पहिल्या डावात मला चौदा मिळाले, दुसऱ्यात एकवीस, एकही दाणा न सांडता. मुलीला नऊ आणि बारा. तिसऱ्या डावात तिचे तीन दाणे पडले आणि ती रडायला लागली. त्याच वेळी बायको शाळेतून येऊन दारात उभी होती.

"छातीत नळी आहे तिच्या, आणि तुम्ही तिला हरवताय?"

मी उत्तर द्यायच्या आत मुलगी नाक पुसत म्हणाली, "आई, तू गप बस. बाबा, परत मांडा."

त्या संध्याकाळी आम्ही अकरा डाव खेळलो. शेवटचा तिने दोन गुणांनी जिंकला. तो मी सोडलेला नव्हता. तिने माझा चेहरा नीट तपासला आणि मगच मानला. बायकोने खाली वाकून नळी बघितली आणि पॅडवर दाणे मांडायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा मुलीने सांगितले की आईला फुंकता येत नाही, पण ती खोटे खेळत नाही.

शुक्रवारी आठ नंबरचे दुखणे पुन्हा उसळले. या वेळी बरगड्या धरल्या होत्या. ती पाय पोटाशी घेऊन पडली, डोळे मिटून, वरवरचे श्वास घेत. सिस्टर दर तासाला येऊन तिचा श्वास मोजत होती. आईने गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून धरली होती. "असा दम चोरला त छातीत भरते," ती मला हळूच म्हणाली. "मांगच्या साली तसंच झालं होतं."

माझी मुलगी त्या खाटेकडे बघत होती. उद्या तिचा स्वतःचा फोटो होता. सकाळपासून तिने एकटीने चार डाव खेळले होते. तिने मला पॅड पलीकडे न्यायला सांगितले.

"तिला दुखतंय," मी म्हणालो. "आज नको."

"दहा दाणे नका मांडू. एक कपटा ठेवा फक्त."

मी एक कपटा ठेवला आणि पॅड त्या मुलीच्या ओठांजवळ धरले. तिने डोळे उघडले. "ए," माझी मुलगी आपल्या खाटेवरून ओरडली, "एवढीच हवा आहे का तुझ्या पोटात?"

आईने दचकून माझ्या मुलीकडे पाहिले. मला वाटले, आता ती चिडणार. पण आठ नंबरचे ओठ हलले. फुंकर इतकी बारीक होती की कपटा फक्त वळला. दुसऱ्या फुंकरीला तो पॅडच्या कडेपर्यंत गेला. तिसरी मारायच्या आधी तिने डोळे घट्ट मिटून मोठा श्वास घेतला, कण्हली, आणि कपटा उडवला.

"एक," माझ्या मुलीने मोजले. "दुसरा ठेवा बाबा."

दर पंधरा मिनिटांनी एक, असे ठरले. आई घड्याळ बघत होती, मी पॅड धरत होतो, मोजणी सात नंबरवरून होत होती. मधल्या वेळात सात नंबर स्वतःचा डाव खेळत होती, कारण नुसते मोजत बसणे तिला मंजूर नव्हते. सहा वाजता बायको आली. मी पॅड तिच्या हातात दिले आणि बातम्या पाठवायला ऑफिसात गेलो. त्या दिवशी काय पाठवले ते आठवत नाही. आठ नंबरचा आकडा मात्र आठवतो. झोपेपर्यंत एकोणीस कपटे.

शनिवारी सकाळी दहाला मुलीला चाकाच्या खुर्चीतून खाली नेले. बाटली मी हातात धरली होती, छातीच्या खालच्या पातळीवर, सिस्टरने बजावल्याप्रमाणे. फोटो ओला होता तेव्हाच मी तो पाहायचा प्रयत्न केला. मला काही कळले नाही. अकराला डॉक्टर आले आणि त्यांनी तो खिडकीत धरला. शेजारी मंगळवारचा धरला. बायकोने त्या दिवशी शाळा बुडवली होती. ती खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी होती.

"खाली कोपऱ्यात थोडं राहिलंय," डॉक्टर म्हणाले. "बाकी उघडलं. नागपूरची गरज नाही. सोमवारी नळी काढतो. तोपर्यंत तुमचा तो उद्योग बंद करू नका."

बायको दांडा सोडून स्टुलावर बसली. मुलीने विचारले, "सोमवारपर्यंत किती डाव होतील?" विचारतानाच तिने आठ नंबरकडे पाहिले. आठ नंबर उशीला टेकून बसली होती. रात्रीत दुखणे उतरले होते. सिस्टरने तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला होता आणि दोन्ही बाजूंनी हवा चांगली जाते आहे असे लिहिले होते.

सोमवारी नळी निघाली. मंगळवारी सुटी मिळाली. कपडे घालून तयार असताना मुलीने शेवटचा डाव मांडला. तिला तेवीस मिळाले, तोवरचे तिचे सगळ्यात जास्त. आठ नंबरच्या हाताला सलाईन होते, म्हणून पॅड मी धरले. तिने लांब, न तुटणारी फुंकर मारली आणि पॅडवर दहा दाण्यांशिवाय काही उरले नाही.

"तीस," ती म्हणाली.

माझी मुलगी हरली होती. तिने दाणे एकेक करून मोजले, पुन्हा मोजले, पॅडखाली एखादा पडलाय का तेही पाहिले. मग पॅड आणि तांदळाची पुडी आठ नंबरच्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, "मी घरी सराव करीन."

"करजो. पन हितं नको येऊ आता," आठ नंबर म्हणाली. "खेळाचं असन त आमच्या गावले येजो. हितं आलीस त मी खेळनार नाई."