कुलूपबाईंची डिस्क

लॉन्ड्री कामगारांच्या संघटनेत तिला सगळे कुलूपबाई म्हणत. ऑफिसच्या लॅपटॉपमधली डिस्क स्वतःला कुलूप लावून घेऊ शकते हे तिनंच धडपडून शोधलं आणि पासवर्ड डोक्यात ठेवला. सुपरवायझरविरुद्ध बायका जे बोलल्या ते सगळं त्या डिस्कवर होतं, त्यांच्याच आवाजात. ते आवाज मालकाच्या कानी पडले असते, तर एकेक बाई घरी बसली असती.

कुलूप मात्र वीज तुटली तरच बसतं. लॅपटॉप नुसता मिटला तर तो झोपतो. डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, पासवर्ड लक्षात ठेवतो आणि जाग आल्याबरोबर डिस्क मोकळी करून देतो. संघटनेच्या सेक्रेटरीला हे सांगून तिचा घसा बसला होता.

"मिटला म्हणजे बंदच की, बाई!"

"बंद नाही, डुलकी काढतोय. तुमच्यासारखी."

त्या दुपारी तिची धाकटी जाऊ, तीही त्याच लॉन्ड्रीतली, सुपरवायझरविरुद्ध अखेर बोलली. वर्षभर मनधरणी केली तेव्हा कुठे. ती बोलून घरी गेली आणि तिचा आवाज सेव्ह करायच्या आतच जिन्यात बूट वाजले. मालकाचा मॅनेजर, सोबत दोन आडदांड माणसं. सेक्रेटरीनं लॅपटॉप फटकन मिटला.

बाईनं तो उघडला आणि पॉवरचं बटण दाबून धरलं.

"अहो, तुमच्या जावेचं जाईल ना!"

"जाऊ दे."

स्क्रीन काळा झाला. आत शिरलेल्या मॅनेजरनं लॅपटॉप सरळ काखेत मारला, बापाचा माल असल्यासारखा.

"पासवर्ड?"

"विसरले. वय झालं, साहेब."

बाकीच्या आवाजांची प्रत दुसऱ्या तसल्याच डिस्कवर होती, तिच्या घरी. जावेच्या आवाजाची कुठेच नव्हती.

संध्याकाळी ती जावेकडे गेली. जाऊ कपडे पिळत होती.

"ताई, नीट आला ना माझा आवाज?"

"गेला. मीच घालवला." तिनं घडलं ते सांगितलं.

जावेनं पिळलेला टॉवेल बादलीत आपटला. "वर्षभर माझ्या मागे लागलात आणि बटण दाबून मोकळ्या झालात?"

"हो."

"त्यांच्या हाती लागलं काही?"

"काही नाही."

"आज मी पुन्हा बोलणार नाही."

"बरं." ती चपला घालू लागली.

"नवा लॅपटॉप कधी घेताय?"

"वर्गणी काढावी लागेल."

"मग काढा. तोवर बघते मी," जाऊ म्हणाली आणि तिनं टॉवेल पुन्हा पिळायला घेतला.