झग्याची लाज

थोरली स्वभावानं वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचताना तसं वाटेलच असं नाही.

थोरली म्हणजे सुताराची बायको, घरातली मोठी सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत होता, एवढंच. बाकी सगळं सासूनं शिकवलं. सासू बॅप्टिस्ट मंडळीतली जुनी शिवणारी. त्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे तान्ह्या बाळाच्या कपाळावर चार थेंब शिंपडणं नव्हे. कळत्या वयाच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगायचा, पांढरा झगा घालून पाण्यात उतरायचं, पाळकांच्या हातावर पाठ टाकायची आणि डोक्यासकट बुडून वर यायचं. ते झगे या घरात शिवले जात. थोडे इथल्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, हौदासाठी, आणि पुष्कळसे मंडळीनं दूरदेशी पाठवलेल्या मिशनरींसाठी.

झगा दिसायला साधा, पण त्यात एक मेख होती. कापड पाण्यात शिरलं की आत हवा भरते आणि घेर छत्रीसारखा वर येतो. मग बाईमाणसाची काय शोभा होते ते सांगायला नको. म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या बारक्या गोळ्या शिवायच्या, कोळी जाळ्याला लावतात तसल्या. सासू त्या गोळ्यांना ‘लाज’ म्हणायची. झगा शिवून झाला की हाक मारायची, “लाज घातलीस का गं?” घरात पाहुणा बसलेला असला तर चहाचा कप हातातच राहायचा. सासू गेली, शब्द थोरलीकडे राहिला.

मंडळीच्या बायका मिशनरींसाठी काही ना काही करतच असत. कुणी स्वेटर विणी, कुणी जुन्या चादरी फाडून दवाखान्यासाठी पट्ट्या गुंडाळी. पण झग्यांचा मान थोरलीचा. मंडळीतूनच गेलेली एक मिशनरीबाई होती, समुद्रापलीकडे नदीकाठच्या खेड्यांतून काम करायची. सुटीवर आली की उपासनेत उभी राहून विचारायची, “माझ्या झगेवाल्या बाई कुठं आहेत?” मग थोरली पदर सारखा करत, “मला कशाला उगीच” असं तोंड करून उठायची. त्यासाठीच ती पहिल्या बाकावर बसायची, ही गोष्ट वेगळी.

यंदा तिच्या बोटांची पेरं धरली. सुई टोचली तरी कळेना. तेव्हा धाकटी जाऊ म्हणाली, “जाऊबाई, तुम्ही नुसतं बेतून द्या. शिवते मी.”

धाकटी शाळेत मुलींना भरतकाम शिकवायची. या घरात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. हात असा की सुतानं कापडावर फूल उमलावं. तिनं झगे शिवले, आणि शिवून थांबली नाही. गळ्याभोवती आणि खालच्या काठाला पांढऱ्यावर पांढरी फुलं काढली. बघायला बायकांची रीघ लागली. पाळकीणबाई म्हणाल्या, “हे घातलं तर थेट स्वर्गातच जावंसं वाटेल.”

“आधी पाण्यातून वर तर येऊ दे,” थोरली म्हणाली.

सुतार हसला. “बरं झालं ना, तुझ्या बोटांना सुटी मिळाली.”

“बोटांना सुटी आणि डोळ्यांना शिक्षा.”

तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. इतकी वर्षं आपण झगे शिवले, कुणी शिवण बघायला आलं नाही. हिनं चार फुलं काढली तर जत्रा.

एके दुपारी धाकटी झग्यांच्या घड्या घालत होती. थोरलीनं सवयीनं एकाचा काठ चिमटीत धरला. हलका. दुसरा धरला, तोही हलका. कुणी सांगितलंच नव्हतं तिला. सांगायचं तर थोरलीनंच. तिनं विचारलं, पण कसं, तर समोर उभं राहून, कमरेवर हात ठेवून.

“लाज घातलीस का गं?”

धाकटीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “लाज? मी काय केलंय असं? तुमचं काम हातून गेलं म्हणून मला टोमणे नका मारू, जाऊबाई. लाज तुमची तुमच्यापाशीच ठेवा.”

एवढंच होतं. तिथंच थोरलीनं हसून म्हणायचं, अगं वेडे, लाज म्हणजे शिसं. पण ती म्हणाली, “बरं बाई,” आणि आत निघून गेली. मी विचारलं होतं, तिनं मनाला सांगितलं. ती ऐकत नाही तर माझा काय दोष? आणि मनात खोल कुठंतरी तिला दिसलं, की फुलांचे झगे नदीवर फुगलेत आणि पुढच्या सुटीला मिशनरीबाई विचारतेय, माझ्या जुन्या झगेवाल्या बाई कुठं आहेत? त्या रात्री तिला झोप चांगली लागली. हीच तर खंत.

रविवारी मिशनरीबाई यंदाची सुटी संपवून परत निघण्याआधी शेवटचं बोलायला उभी राहिली. झगे तिच्या पेटीत भरून झाले होते. तिनं धाकटीला उभं केलं, फुलांचं कौतुक केलं. थोरली पहिल्या बाकावर हात जुळवून बसली होती.

मग मिशनरीबाई म्हणाली, “यंदा एक आजी पाण्यात उतरणार आहे. घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. ते काठावर येऊन उभे राहणार आहेत, हसायला. आजी मला म्हणते, हसले तरी चालेल, फक्त मी हसण्यासारखी दिसायला नको.”

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ थोरली लहानपणापासून ऐकत आली होती. मुसळ इतकं बोचतं हे तेव्हा कळलं.

उपासना सुटल्यावर तिनं धाकटीला दाराशी गाठलं. “लाज म्हणजे शिशाच्या गोळ्या. काठात शिवतात, झगा तरंगू नये म्हणून. सासूबाईंचा शब्द.”

धाकटी बघतच राहिली. “मग तसं सांगायचं ना.”

“तू भांडायला उठलीस.”

“तुम्ही भांडल्यासारखं विचारलंत.”

“हो,” थोरली म्हणाली. “तसंच विचारलं.”

धाकटीनं तडक जाऊन मिशनरीबाईला पेटी उघडायला लावली. थोरली घरून गोळ्यांचा डबा घेऊन आली. देवळामागच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. काठ उसवल्याशिवाय गोळ्या आत जाईनात, आणि काठावर तर फुलं. थोरलीला वाटलं, आता ही रडेल, चार शब्द ऐकवेल. ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. धाकटीनं कात्री घेतली आणि फुलं कापत गेली, शेंगा सोलाव्या तशी.

“गळ्याची राहू देत,” थोरली म्हणाली. “तिथं शिसं नको.”

“काठाची पाण्यात कुणाला दिसणार होती?” धाकटी म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

आता थोरलीला तिच्या हाताचा हेवा वाटेना. तिला हेवा वाटला तो त्या कात्रीचा. आपण अशी चालवली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती एकेक गोळी दुमडीत सरकवत राहिली आणि धाकटी टाके घालत राहिली.

शेवटचा झगा पेटीत गेल्यावर पाळक प्रार्थनेला उभे राहिले. खोलीत काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या आजीसाठी मागितलं, नदीसाठी मागितलं, मिशनरीबाईच्या प्रवासासाठी मागितलं, आणि झगे शिवणाऱ्या आमच्या या धाकट्या बहिणीबद्दल देवाचे आभार मानले.

धाकटी डोळे उघडून “पण” म्हणू लागली. थोरलीनं तिच्या पायावर पाय दिला.

सगळे “आमेन” म्हणाले. थोरलीचं जरा मागून आलं, पण आलं.