भाच्याच्या बदल्यात दोघे

साठच्या दशकाच्या मध्यात, हिवाळ्यातल्या एका गुरुवारी, मामूंनी आमच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार कुवेतच्या शर्क भागातल्या एका वाहतूक कंपनीला देऊन टाकला. बदल्यात दोन तरुण खेळाडू घेतले. कर्णधार सलीम त्यांचा सख्खा भाचा होता.

मामू रत्नागिरीकडचे. आमच्या कंपनीच्या गोदामाचे प्रमुख आणि संघाचे व्यवस्थापक. सलीम त्यांना मामू म्हणे, म्हणून आम्ही सगळेच म्हणू लागलो. मी संघाचा चिटणीस होतो.

तेव्हा कुवेतमधल्या काही कंपन्या खेळाडूंना खेळासाठीच नोकरीवर ठेवत. खेळाडूची अदलाबदल म्हणजे नोकरीची अदलाबदल. राहण्याचा परवाना कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या नावावर असे. जुन्याने सोडलं आणि नव्याने घेतलं नाही, तर माणसाला देश सोडावा लागे. म्हणून प्रत्येक व्यवहारात मामू एकच वाक्य बोलत, "आधी त्यांची सही, मग आपली."

त्या वर्षी संघातले जुने गडी थकले होते. नवा संघ उभा करायचा होता आणि प्रस्ताव येत होते. मामू समोरच्या खेळाडूला आधी बूट काढायला सांगत. तळ एकाच कडेने झिजलेला दिसला की गुडघ्याची चौकशी करत. परक्याचा बूट घेऊन उजेडाकडे चाललेले मामू तुम्ही पाहिले असते, तर मोचीच समजला असता. एका सहा फुटी खेळाडूला त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, "बास्केटखाली उभा राहील, पण सावलीपुरता."

शर्कचे दोघे विशीतले होते. चेंडू हातातून गेला की बचावाला मागे पळत. सलीमने तिशी ओलांडली होती आणि त्याची उडी कमी झाली होती. मामूंच्या मते सौदा आमच्या फायद्याचा होता. सलीमलाही जायचं होतं, कारण तिकडे कुटुंबासाठी क्वार्टर मिळणार होतं. त्याची बायको-मुलं दापोलीजवळच्या गावात होती.

अडचण एकच होती. शर्कचा मालक दोघांना सोडल्याची सही करून बसऱ्याला गेला होता. सलीमला घेतल्याची सही राहिली होती. तो शनिवारी येणार होता आणि खेळाडूंच्या नोंदणीची मुदत गुरुवारी संपत होती.

मी थांबा म्हणालो. आमचे प्रशिक्षक देसाई बेळगावचे, तोंडाचे फटकळ. ते म्हणाले, "मामू, घरचा माणूस तोलायला जड जातो का? मग आम्ही तोलतो."

मामू मग मला म्हणाले, "दुसऱ्या कुणासाठी थांबलो असतो. याच्यासाठी थांबलो तर तुम्ही काय म्हणाल, ते मला ऐकायचं नाही."

"मामू, शनिवारचीच तर गोष्ट आहे," सलीम म्हणाला.

त्यांनी सलीमला सोडल्याची सही केली.

शनिवारी मालक आला. सलीमचं वय ऐकून त्याने घ्यायला नकार दिला. आमच्याकडे सलीमची जागा तोवर नव्यांना गेली होती. मामू रोज सकाळी शर्कच्या कचेरीत जाऊन बसत. तिथे चहा मिळे, मालक भेटत नसे. संध्याकाळी नवे दोघे मैदानावर चांगले खेळत. देसाईंनी मामूंशी बोलणं टाळलं. सलीमचा परवाना संपत आला तेव्हा मामू आमच्या साहेबांकडे, कंपनीच्या मालकांकडे, गेले. मी बरोबर होतो.

साहेबांनी विचारलं, नवा खेळाडू आणलात का?

"नाही साहेब. गोदामासाठी माणूस आणलाय. मला सोडा आणि माझ्या जागी सलीमला घ्या."

साहेबांनी विचार करायला एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी हो म्हणाले.

मामू त्याच महिन्यात शुवैख बंदरातून मुंबईच्या बोटीत बसले. पोहोचवायला सलीम आणि मी होतो.  सलीम गोदामात रुजू झाला. त्याची बायको-मुलं पुढच्या हिवाळ्यात आली आणि शहराबाहेर फिंतासला, मामूंच्या क्वार्टरमध्ये राहू लागली. मामू पुन्हा कुवेतला आले नाहीत.