परत फिरणाऱ्या बाईची गैरहजेरी

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुठे वाक्य चुकलं, जास्त बोललो असं वाटलं, तर आधीच माफ करा.

डेटा सायन्सचं तिसरं वर्ष. पडद्यावर माझी स्लाइड होती. पुढच्या खुर्चीत अंबडच्या एका कारखान्यातले मॅनेजर साहेब बसले होते. त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे न बघता सरांना विचारलं, "हा प्रोजेक्ट आमचा आहे, की याच्या आईचा?"

वर्ग हसला. सरही हसले.

सर आम्हाला व्यावसायिक नीतिमत्ता शिकवायचे. आणि रिक्वायरमेंट गोळा करणं, म्हणजे सॉफ्टवेअर करण्याआधी लोकांना काय हवंय ते विचारून घेणं. शिकवायचे चांगलं. पहिल्याच तासाला म्हणाले होते, तुमच्या कामाचा ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांना आधी विचारा. मला ते इतकं आवडलं, की घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "विचारतात का पण कोणी?"

कारखान्याला एक मॉडेल हवं होतं. पॅकिंगच्या कंत्राटी बायकांपैकी कोण दांड्या मारेल, ते त्याने आधीच सांगायचं. त्या बायकांना मग कामावर बोलवायचंच नाही. माझी आई तिथेच पॅकिंगला. हे मी सरांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. बरंच झालं, म्हणाले, तुला माहिती लवकर मिळेल, आणि साहेबांनाही ते सांगून ठेवलं.

मी गेटवर जाऊन बायकांना विचारलं. तिथे त्यांची एक रीत आहे. ऑर्डर कमी असली की सुपरवायझर थोड्याच बायका आत घेतो. बायका भांडत नाहीत. जिच्या घरचं त्यातल्या त्यात भागतंय, ती आपणहून म्हणते, मी जाते आज. डबा घेऊन परत फिरते. कॉम्प्युटरवर तिची गैरहजेरी लागते.

सगळ्यात जास्त वेळा परत फिरलेली बाई माझी आई निघाली. माझ्या पोराला स्कॉलरशिप आहे, आमचं बरं चाललंय, असं ती सगळ्यांना सांगायची.

स्लाइडवर मी एवढंच लिहिलं होतं: गेटवरून परत गेलेल्या बाईला गैरहजर धरू नये.

साहेब म्हणाले, डेटात असं काही दिसत नाही. सरांनी मला उभं केलं. हितसंबंधांचा धडा म्हणून दाखव, म्हणाले. मी म्हटला. आपल्या माणसाचा फायदा होत असेल, तर त्या निर्णयातून बाजूला व्हावं.

"मग हो बाजूला," सर म्हणाले.

मागून माझ्याच गटातला एक बोलला, "सर, याला गेटवरच बसवा. हजेरी मस्त घेईल."

परत हसू. जो धडा मी मनापासून पाठ केला होता, तोच माझ्या तोंडून माझ्यावर उलटवला. आणि साहेबांचा फायदा? तो कुणी विचारला नाही. त्यांचा हितसंबंध म्हणजे रिक्वायरमेंट. माझ्या आईचा म्हणजे भानगड.

ती स्लाइड काढ, मार्क देतो, असं सर म्हणाले. मी मान खाली घालणारा मुलगा. पण त्या दिवशी घातली नाही.

"मला काढा सर. स्लाइड काढू नका."

आवाज फाटला होता. तरी म्हणालो.

त्यांनी दोन्ही काढलं. मॉडेल कारखान्यात गेलं. नीतिमत्तेच्या विषयात मी नापास झालो. वाटलं, जे व्हायचं ते माझंच झालं, आई तरी वाचली. ती रोज सकाळी डबा घेऊन निघत होती, संध्याकाळी येत होती. हल्ली तिची बोटं पिवळट दिसायची. पॅकिंगला काही नवीन माल आला असेल, असं मी धरून चाललो.

मागच्या आठवड्यात बसमध्ये मंगलमावशी भेटली. तीही त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. आई मागच्या बसने येतेय का, असं मी सहज विचारलं. मावशी खिडकीबाहेर बघतच बोलली. ती काय बोलली ते शेवटी लिहितो, कारण त्यानंतर मला काही लिहिता येणार नाही. माझं काय ठरलंय ते आधी सांगतो.

मी त्या विषयाला पुन्हा बसणार आहे. स्लाइडवर होतं तेच पेपरात लिहिणार आहे. परत नापास केलं तर परत तेच. नोकरी लागली, तर कामाआधी गेटवर जाऊन विचारणार. जिथे विचारू देणार नाहीत, त्या कामाला हात लावणार नाही. आणि सुरुवातीला जी माफी मागितली, ती पुढच्या वेळी मागणार नाही.

मावशी म्हणाली, "तुझी आई कवाच येत नाय रे गेटवर. कॉम्प्युटरनं पयलं तिलाच काढलं. पंचवटीत देवळाबाहेर झेंडूच्या माळा ओवत बसती दिवसभर. आमाला शपथ घातलीय तिनं. पोराच्या कॉलेजातनं आलंय ते, म्हणली, त्याला कळू देऊ नका."