ओव्हनची तार

माझे वडील मुंबईत कुलाब्याला एका इंग्रज कुटुंबाकडे कुक होते. स्वातंत्र्यानंतर ते कुटुंब विलायतेला परत गेलं आणि जाताना मडमने त्यांना आपला विजेचा ओव्हन दिला. पत्र्याचा, आतून पांढरा मुलामा दिलेला, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढा. बाबा तो काचेचा असावा तसा जपत वसईला घेऊन आले. पण आमच्या वाडीत तेव्हा वीजच नव्हती. आयने, माझ्या आईने, तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि पुढली कित्येक वर्षं तो तिथेच राहिला.

आम्ही वसईचे ख्रिस्ती; घरात आमच्या बोलीत बोलत असू. इथे लिहिताना ते बोलणं मी सगळ्यांना कळेल असं केलं आहे.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बाबा महिन्यातून एकदा, रविवारी, घरी येत. तेव्हा त्यांच्या पिशवीत कागदात बांधलेल्या केकच्या कडा असत. मडमच्या टेबलावर जाण्याआधी केक चौकोनी कापला जाई, त्यातून उरलेल्या त्या कडा. ताई त्या मोजून माझ्याशी वाटून घेई. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, अख्खा केक कसा दिसतो?" बाबांनी हातांनी आकार करून दाखवला होता. मला ते आठवत नाही. मी फार लहान होते. पण बाबांना ते नेमकं आठवत होतं, हे मला पुढे कळलं.

नोकरी संपवून बाबा घरी आले त्याच वर्षी ताईने सांगितलं की तिला सिस्टर, म्हणजे मठातली संन्यासिनी, व्हायचं आहे. बाबा उखडले. "आयुष्यभर मी घराबाहेर राहिलो. आता घरी आलो तर तू निघालीस," एवढंच ते म्हणाले आणि मग तिच्याशी बोललेच नाहीत. ती घाटावरच्या कॉन्व्हेंटमध्ये जायला निघाली त्या सकाळी ते केळीच्या बागेत पाणी सोडत राहिले. तिच्या व्रतग्रहणाला आय आणि मी गेलो. बाबा आले नाहीत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं जड झालं. घरातल्या माणसांनाच त्यांचे शब्द उमगत, आणि मला तर तेही उशिरा. मी त्यांना फारशी ओळखतच नव्हते. माझं सगळं लहानपण त्यांच्यावाचून गेलं होतं. मी गावच्या शाळेत शिकवायला लागले होते, घरी आले की "बाबा, जेवलात का?" एवढाच आमचा संवाद.

वाडीत वीज आली त्यानंतर काही महिन्यांनी ताईचं पत्र आलं. तिची बदली होत होती, वाटेत एका सिस्टरबरोबर ती वसईत एक रात्र राहणार होती आणि कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदरांनी तिला दोन तास घरी जायची परवानगी दिली होती. पाच वर्षांनी. मी पत्र मोठ्याने वाचलं. बाबांनी ते परत वाचायला लावलं. मग डाव्या हाताने माळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो काढ."

ओव्हन खाली उतरवला. गावात वीज जोडणाऱ्या वायरमनला बोलावून त्याच्यासाठी जाड वायरीचा वेगळा प्लग बसवला. बटण दाबलं तेव्हा घरातला दिवा मंद झाला आणि ओव्हनच्या तळाची तार हळूहळू लाल झाली. बाबा खुर्चीत पुढे वाकून बघत होते. पाचेक मिनिटं झाली असतील, आतून फट् असा आवाज आला आणि तार काळी पडली. इतक्या वर्षांच्या पावसाळी दमटपणाने गंजलेली ती तार मधोमध तुटली होती.

वायरमन म्हणाला, "विलायती माल आहे, याचं सामान इथे मिळायचं नाही." बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ते बराच वेळ काहीतरी सांगत होते, ते आयने उलगडून सांगितलं: विजेच्या शेगडीची कॉइल मिळते, तीच यात बसते, मुंबईला मडमकडे दोनदा तशी बसवली होती. वायरमन भला माणूस. त्याने मुंबईहून कॉइल आणून दिली. पण बसवायला त्याला वेळ होईना. अर्नाळ्याला खांब उभे करायचं काम निघालं होतं आणि तो तिकडेच राहायला गेला. ताई यायला चार दिवस उरले.

"आपण बसवू," बाबा मला म्हणाले.

मी म्हटलं, "मला यातलं काही येत नाही."

"मला येतं. हात तुझे."

शनिवारी दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही बसलो. प्लग त्यांनी आधी भिंतीतून काढायला लावला आणि माझ्या मांडीवर ठेवायला सांगितला, म्हणजे चुकून कुणी लावणार नाही. ओव्हनच्या तळाशी पांढऱ्या भाजक्या मातीची एक जाड फरशी होती, तिच्यात नागमोडी खाच, आणि खाचेत ती तुटकी तार. मी स्क्रू सोडवले. दोन गंजलेले होते. त्यांच्यावर खोबरेल सोडून अर्धा तास थांबलो. जुनी तार हातात घेतली तर तिचे बारीक तुकडे पडले.

नवी कॉइल म्हणजे बोटभर लांबीचं गच्च वेटोळं. ते ताणून खाचेच्या लांबीचं करायचं होतं. बाबांनी मला खाचेत सुतळी बसवायला लावली, मग ती सुतळी काढून जमिनीवर सरळ पसरायला. "एवढी. जास्त नाही. ताणली की परत येत नाही." कॉइलचं एक टोक त्यांनी डाव्या हातात घेतलं, दुसरं मी धरलं.

"सारखी ताण. एका जागी दाट राहिली तर तिथेच जास्त तापते. केक तिथे करपतो."

मी ओढलं. "हळू," ते म्हणाले. मग परत, "हळू, बाय." बाय म्हणून त्यांनी मला याआधी कधी हाक मारली होती की नाही, मला आठवेना. आम्ही समोरासमोर बसून ती तार थोडी थोडी लांबवत गेलो. त्यांचा हात थरथरत होता आणि ते थरथरणं तारेतून माझ्या बोटांत येत होतं. सुतळीपर्यंत पोचायला आम्हाला बराच वेळ लागला. तार खाचेत बसवताना मी दोनदा चुकले, तेव्हा ते चिडले नाहीत. टोकं स्क्रूला गुंडाळली, खाली वायरीवर चिनीमातीचे मणी ओवले. प्लग लावला. दिवा मंद झाला, तार लाल झाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी.

बाबा हसले. वाकड्या तोंडाने ते हसताना फार विचित्र दिसायचे, म्हणून ते हसायचं टाळत. त्या दिवशी त्यांनी टाळलं नाही.

त्या संध्याकाळी काम करता करता त्यांनी मला अख्ख्या केकची गोष्ट सांगितली. तुकड्यातुकड्याने, थांबत. "तिला हाताने दाखवला होता," ते म्हणाले. "हातानेच."

ताई येणार होती त्या सकाळी आम्ही केक केला. अंडी मी फेटली, लोणी-साखर मी घोटली. ते खुर्चीतून सांगत होते. साधाच केक, वर काही नाही. तो चांगला फुगला. एका बाजूला किंचित जास्त लाल झाला, ते त्यांनी लगेच हेरलं आणि ती बाजू भिंतीकडे करून ठेवायला सांगितली. आयने त्यांची दाढी केली, त्यांना स्वच्छ सदरा घातला.

दुपारी तीनला त्या दोघी आल्या. पांढऱ्या झग्यातली ताई अंगणात उभी राहिली तेव्हा आय पुढे गेली आणि म्हणाली, "या, बसा." पोटच्या मुलीला. ताईने बाबांच्या पायाशी गुडघे टेकले. बाबांनी डावा हात तिच्या डोक्यावरच्या कापडावर ठेवला. पाच वर्षांचं भांडण तिथे संपलं असं मला वाटलं आणि मी केक आणायला आत गेले.

मी तो अख्खा आणला, आयच्या लग्नातल्या थाळीत. सुरी बाबांनी मागून घेतली आणि ताईपुढे धरली. तिने कापावा म्हणून.

ताई केककडे बघत राहिली. तिचा चेहरा लाल झाला. बरोबरच्या थोरल्या सिस्टरने मान खाली घातली.

"बाबा," ताई म्हणाली, "आम्हाला घरी काही खाता येत नाही. नियम आहे. पाणीसुद्धा नाही."

बाबांना ते कळलं नाही. त्यांनी सुरी आणखी पुढे केली. ताईने ती हळूच त्यांच्या हातातून घेतली आणि बाकावर ठेवली. "नियम आहे," ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू.

मग त्यांना कळलं. ते आयला म्हणाले, "डब्यात बांधून दे." थोरल्या सिस्टरने परवानगी दिली, म्हणाली, "मदरांच्या हाती देऊ." बिस्किटांच्या मोठ्या डब्यात केक गेला. उरलेला वेळ ताई गावातल्या माणसांची विचारपूस करत राहिली आणि आय उत्तरं देत राहिली.

त्यांना पोचवायला मी कुंपणापर्यंत गेले. थोरली सिस्टर चार पावलं पुढे होती. मी ताईला म्हटलं, "उपाशीच जायचं होतं तर आलीस कशाला? यापेक्षा आली नसतीस तर बरं झालं असतं." मी मुद्दाम मोठ्याने बोलले. तिने डबा छातीशी धरला आणि चालू लागली. मागे वळले तर बाबांची खुर्ची दाराशी होती. त्यांनी ऐकलं होतं.

रात्रीची भांडी घासताना आयने मला सांगितलं की तिला हा नियम ठाऊक होता. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एका सिस्टरने पूर्वीच सांगितलं होतं.

"मग बाबांना का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

आयने हातातलं भांडं खाली ठेवलं. "पत्र आल्यापासून तो माणूस सकाळी आपणहून उठत होता," ती म्हणाली. "दोन वर्षांत पहिल्यांदा. मी काय सांगू?"

त्यानंतर बाबा आपणहून उठले नाहीत. केक कुणी खाल्ला, आवडला का, हे विचारायचं पत्र मी लिहावं असं त्यांना वाटत होतं. मी आज लिहिते, उद्या लिहिते करत राहिले, कारण माझा राग गेला नव्हता. ताईचं नेहमीचं पत्र आलं, त्यात सगळ्यांना आशीर्वाद होता आणि केकचा उल्लेख नव्हता. सिस्टरांची पत्रं आधी मदर वाचतात, हे मला माहीत होतं. तरी मी ते पत्र बाबांना वाचून दाखवताना तिची बाजू घेतली नाही. दीड महिन्याने त्यांना दुसरा झटका आला. वाचा पूर्ण गेली. तीन दिवस ते डोळे उघडे ठेवून पडून होते आणि चौथ्या दिवशी, चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, सुटायच्या सुमारास, गेले. ताईला तार केली. ती आली नाही; त्या काळी येऊ देत नसत.

महिन्याची मिस्सा झाल्यावर मी एकटीच तिच्या नव्या कॉन्व्हेंटला गेले. दिवसभराचा प्रवास होता. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात शिवत बसलेली एक म्हातारी सिस्टर. ताई आली. ती बरीच वाळली होती. कुंपणापाशी बोलले त्याची क्षमा मागायची म्हणून मी वाटभर वाक्यं जुळवली होती, पण तिने मला बोलूच दिलं नाही. एकेक विचारत गेली. कोणता सदरा घातला होता? खांदा कुणी दिला? कबर कुठे, भिंतीच्या बाजूला की वडाच्या? आय रडली का? मी सांगत गेले.

मग तिने विचारलं, "शेवटी माझी आठवण काढली का त्यांनी?"

तीन दिवस त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. तुझं नाव घेतलं."

ताईने डोळे मिटले. कोपऱ्यातल्या सिस्टरचं शिवण थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. घंटा झाली तशी ताई उठली, माझ्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि आत गेली. क्षमा मागायची राहूनच गेली.

पुढे नियम सैल झाले. ती घरी येऊ लागली, आमच्यात जेवली, माझ्या मुलांना तिने प्रार्थना शिकवल्या. बाबांनी शेवटच्या क्षणी आपलं नाव घेतलं, हे ती मुलांना मोठ्या मायेने सांगायची. मी समोर बसून ऐकत असे. पापांच्या कबुलीत मी ते फादरांना सांगितलं आहे. तिला मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.